संदर्भ हवा

२००९ साली ब्रिटनच्या कर खात्यासमोर एका छोट्या संस्थेचा अर्ज आला. संस्था आदल्याच वर्षी सुरू झालेली, सभासद मूठभर आणि एकही पगारी माणूस नाही. मागणी एवढीच की, आम्हाला धर्मादाय संस्था म्हणून मान्यता द्या. आज ही संस्था विकिमीडिया यूके या नावानं ओळखली जाते. विकिपीडिया आणि त्याच्या भावंड प्रकल्पांना ब्रिटनमधून हातभार लावणं हे तिचं काम. कर खात्यानं अर्ज फेटाळला. त्यांचं म्हणणं असं की, नुसता विश्वकोश तयार केला म्हणून शिक्षणाचा प्रसार होत नाही, आणि तो होत नसेल तर धर्मादाय कशाचा?

संस्थेनं पिच्छा सोडला नाही. नोव्हेंबर २०११ मध्ये इंग्लंड-वेल्सच्या धर्मादाय आयोगानं तिची नोंदणी मान्य केली. संस्थेच्या घटनेतलं उद्दिष्ट वाचलं की त्यात तीन गोष्टी दिसतात. ज्ञानात्मक खुला मजकूर लोकांना मिळावा, त्यांना तो वापरता यावा आणि त्यात त्यांना भर घालता यावी. पहिल्या दोन गोष्टी कुठल्याही मोफत वाचनालयात मिळतात. तिसरी वेगळी आहे. मुक्त ज्ञानाच्या चळवळीतलं सगळं सामाजिक जीवन, म्हणजे ओळखी, कार्यशाळा, वाद, रुसवेफुगवे आणि वर्षानुवर्षांची चिकाटी, या ‘भर घालण्या’भोवती फिरतं. बाहेरून पाहणाऱ्याला वाटतं की भर घालणं म्हणजे लिहिणं. आत गेल्यावर कळतं की लिहिणं हा त्यातला छोटा भाग आहे. खरा वेळ जातो तो दुसऱ्यानं लिहिलेलं तपासण्यात.

पैसा संस्थेचा, लेखणी लोकांची

विकिपीडिया सुरू झाला १५ जानेवारी २००१ रोजी. तो चालवणारी विकिमीडिया फाउंडेशन ही अमेरिकी संस्था स्थापन झाली २० जून २००३ रोजी. म्हणजे समुदाय आधी जमला आणि संस्था त्याच्या मागून आली. हा क्रम लक्षात ठेवला तर पुढच्या बऱ्याच गोष्टी आपोआप उलगडतात.

फाउंडेशन सर्व्हर चालवतं, सॉफ्टवेअर सांभाळतं, देणग्या गोळा करतं आणि कोर्टकचेऱ्या निस्तरतं. निरनिराळ्या देशांतल्या विकिमीडिया यूकेसारख्या संस्था कार्यशाळा भरवतात, ग्रंथालयं आणि वस्तुसंग्रहालयांशी बोलणी करतात, स्वयंसेवकांच्या प्रवासाचा आणि चहापाण्याचा खर्च उचलतात. लेखात काय लिहायचं, काय काढायचं, हे मात्र यांपैकी कोणी सांगत नाही. अमुक विषयावर लेख हवा म्हणून संस्थेच्या प्रमुखानं हुकूम सोडला, तर तो ऐकायला कोणी बांधील नाही.

ही रेषा आखली गेली ती भांडणातून. फेब्रुवारी २००२ मध्ये, विकिपीडियावर जाहिराती येणार अशी कुणकुण लागताच स्पॅनिश विकिपीडियाचे बरेचसे स्वयंसेवक उठून गेले. त्यांनी तोवरचा मजकूर सोबत नेला आणि सेव्हिल विद्यापीठाच्या सर्व्हरवर स्वतःचा वेगळा विश्वकोश थाटला. यात चोरी नव्हती. कोणीही मजकूर घ्यावा, बदलावा, पुन्हा प्रसिद्ध करावा, फक्त श्रेय द्यावं आणि पुढची आवृत्तीही तशीच खुली ठेवावी, असाच या प्रकल्पाचा परवाना आहे. त्याच वर्षी विकिपीडियाचा पत्ता ‘डॉट कॉम’वरून ‘डॉट ऑर्ग’वर आला. जाहिराती आजतागायत आलेल्या नाहीत. स्वयंसेवक निघून गेले तर मजकूरही त्यांच्याबरोबर जाऊ शकतो, हा धडा संस्थेला जन्माच्या आधीच मिळालेला होता.

या रेषेला कायद्याचंही कारण आहे. दुसऱ्यांनी लिहिलेला मजकूर फक्त साठवणारा मध्यस्थ आणि स्वतः निवडून छापणारा प्रकाशक, यांत कायदा फरक करतो. भारतात माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० चं कलम ७९ मध्यस्थांना काही अटींवर संरक्षण देतं. संस्थाच संपादक झाली तर ते कवच टिकत नाही. हा प्रश्न पुस्तकी नाही. जुलै २०२४ मध्ये एएनआय या वृत्तसंस्थेनं आपल्याविषयीच्या लेखातल्या मजकुरावरून विकिमीडिया फाउंडेशनवर दिल्ली उच्च न्यायालयात बदनामीचा दावा लावला आणि लेखात बदल करणाऱ्या स्वयंसेवकांचे तपशील मागितले. खुद्द या खटल्याविषयी स्वयंसेवकांनी लिहिलेलं पानही न्यायालयानं उतरवायला लावलं. पान उतरवण्याचा तो आदेश मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं रद्द केला. टोपणनावानं लिहिणाऱ्या एखाद्या स्वयंसेवकाला अशी लढाई एकट्यानं कुठून झेपणार? संस्थेचा खरा उपयोग अशा वेळी कळतो.

एका वाक्याची तपासणी

आता प्रत्यक्ष काम कसं चालतं ते पाहू. समजा, कोणीतरी हौसेनं आपल्या गावाच्या पानावर लिहिलं, ‘आमच्या गावची प्रसिद्ध यात्रा सातशे वर्षांपासून भरते.’ बटण दाबताच वाक्य साऱ्या जगाला दिसू लागतं. कोणाची परवानगी लागत नाही. पण त्याच क्षणी ते ‘अलीकडील बदल’ या यादीतही उमटतं, आणि त्या यादीवर नजर ठेवून बसलेली काही माणसं असतात.

शिवीगाळ असेल, अख्खं पान पुसलं असेल, तर मोठ्या विकिपीडियांवर ते काम यंत्रच उरकतं. अशा स्वयंचलित प्रोग्रामना मराठी विकिपीडियावर ‘सांगकाम्या’ म्हणतात. आपलं वाक्य मात्र सांगकाम्याच्या आवाक्यातलं नाही, त्याला माणूसच हवा. तो माणूस आधी ‘आमच्या’ हा शब्द काढतो, कारण विश्वकोशाला गाव नसतं. मग ‘प्रसिद्ध’ काढतो. कोणाच्या मते प्रसिद्ध? ‘सातशे वर्षांपासून’ हे शब्द तो ठेवतो, पण त्यांना छोटीशी पाटी लावतो, ‘संदर्भ हवा’.

लिहिणाऱ्याला राग येतो, आणि ते साहजिकच आहे. तो लेखाच्या चर्चापानावर येऊन म्हणतो, ‘मला आजोबांनी सांगितलंय.’ उत्तर येतं, ‘आजोबांचं खरंही असेल. पण वाचकाला आजोबांकडे जाऊन विचारता येत नाही. कुठं छापलंय का?’ मग शोधाशोध होते. ब्रिटिश अमदानीत निघालेलं जिल्ह्याचं गॅझेटियर कोणीतरी उघडतं. त्यात देवळाचा उल्लेख सापडतो, यात्रेची तिथीही सापडते, सातशे वर्षांचा मात्र पत्ता नसतो. शेवटी वाक्य उरतं ते असं, ‘ग्रामदैवताची यात्रा चैत्र पौर्णिमेला भरते.’ खाली गॅझेटियरचा पृष्ठक्रमांक. मूळ वाक्य कुठं गेलं? ते पानाच्या इतिहासात आहे. कोणी, कधी, काय बदललं, ते कोणालाही पाहता येतं आणि चुकीचा बदल एका क्लिकवर उलटवता येतो.

या किरकोळ प्रसंगात विकिपीडियाचे तिन्ही पायाभूत नियम येऊन गेले. पडताळता येईल तेच लिहायचं. बाजू न घेता लिहायचं. आणि स्वतःचं नवं संशोधन इथं मांडायचं नाही, आधी ते दुसरीकडे प्रसिद्ध झालेलं असलं पाहिजे. तिसरा नियम अभ्यासकांना फार बोचतो. विषयातला तज्ज्ञ आला तरी त्याला इथं मानाचं पान मिळत नाही, त्यालाही संदर्भच विचारला जातो.

मराठी वाचकाला विश्वकोशाची ओळख वेगळ्या वाटेनं झाली. डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकरांनी ‘महाराष्ट्रीय ज्ञानकोशा’चे २३ खंड काढले. पुढं तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या नेतृत्वाखाली वाईहून मराठी विश्वकोश उभा राहिला. तिथं विश्वासाचा पाया होता संपादकाचं नाव आणि त्यानं निवडलेले तज्ज्ञ लेखक. विकिपीडियावर लेखकाचं नाव बहुधा ‘सदस्य’ म्हणून घेतलेलं टोपणनाव असतं, म्हणून विश्वासाचा सगळा भार तळटीपेवर येतो. दोन्ही वाटा एकमेकींच्या वैरी नाहीत. विकिपीडियाच्या मराठी लेखांत तळटीपेला वाईचा विश्वकोश आढळतो, तो उगाच नाही.

निर्णय मतं मोजून होत नाहीत. दहा जणांनी ‘हो’ म्हटलं आणि एकानं भक्कम संदर्भ आणला, तर पारडं एकाकडे झुकतं, निदान झुकायला हवं. लेखापुरता वाद चर्चापानावर चालतो, साऱ्यांशी संबंध असलेला वाद चावडीवर जातो. मराठी विकिपीडियाच्या सामायिक चर्चेच्या जागेचं नावच ‘चावडी’ आहे. नवख्यांनी हात साफ करायच्या पानाला ‘धूळपाटी’ म्हणतात. पानं वगळणं, उपद्रवी सदस्याला रोखणं, असे जास्तीचे अधिकार असलेल्यांना ‘प्रचालक’ म्हणतात. प्रचालकही बिनपगारीच, आणि त्यांची निवड समुदायच करतो.

हातोडीसकट खजिना

घरात एकट्यानं बसून करायच्या या कामाला माणसांचा सहवास लागतो, हे ब्रिटिश स्वयंसेवकांच्या लवकर ध्यानात आलं. जून २०१० मध्ये ब्रिटिश म्युझियमनं एका विकिपीडिया स्वयंसेवकाला पाच आठवडे संग्रहालयात बसायला जागा दिली. लियम वायट हे त्याचं नाव. जगातला हा पहिला ‘निवासी विकिपीडियन’. संग्रहालयाच्या वस्तूंवर लेख लिहिणं हे त्याचं काम नव्हतं. संग्रहालयाचे अभिरक्षक आणि बाहेरचे स्वयंसेवक यांची गाठ घालून देणं हे होतं.

त्यातून एक दिवस ठरला तो हॉक्सनच्या खजिन्यासाठी. १९९२ मध्ये इंग्लंडच्या सफक परगण्यात एरिक लॉज नावाचे गृहस्थ मेटल डिटेक्टर घेऊन मित्राची शेतात हरवलेली हातोडी शोधत होते. हाती लागला रोमन काळाच्या अखेरचा सोन्याचांदीचा साठा. नुसती नाणीच जवळपास १५,०००. लॉज यांनी लोभानं जमीन उकरत न बसता लगेच अधिकाऱ्यांना कळवलं, त्यामुळं पुरातत्त्वज्ञांना तो खजिना जसाच्या तसा, थरांसकट उचलता आला. पुढं हातोडीही सापडली, आणि तीदेखील ब्रिटिश म्युझियममध्ये पोचली. २०१० च्या त्या दिवशी स्वयंसेवक आणि अभिरक्षक एका टेबलाशी बसले. स्वयंसेवक विचारत, ‘हे विधान कुठं छापलंय?’ अभिरक्षक कपाटातून अहवाल काढून पान दाखवत. आयुष्यभर त्या वस्तूंबरोबर राहिलेल्या माणसांना ‘संदर्भ हवा’ म्हणणं उद्धटपणाचं वाटू शकलं असतं. झालं उलटंच. आपलं ज्ञान संग्रहालयाच्या भिंतीबाहेर कसं न्यावं, याचा रस्ता अभिरक्षकांना सापडला. तो लेख पुढं इंग्रजी विकिपीडियाच्या निवडक लेखांत गेला.

मे २०१२ मध्ये वेल्समधलं मॉनमथ हे गाव ‘पहिलं विकिपीडिया गाव’ झालं. चर्च, पूल, शाळा, दुकानं, जागोजागी पाट्या लागल्या. पाटीवरच्या कोडवर मोबाईल धरला की त्या वास्तूचा लेख उघडतो, तोही मोबाईल ज्या भाषेत असेल त्या भाषेत. गावकरी, नगरपालिका आणि स्वयंसेवक यांनी मिळून काही महिन्यांत शेकडो लेख उभे केले.

आपल्याशी थेट नातं असलेली गोष्ट मात्र एडिंबराची आहे. फेब्रुवारी २०१५ मध्ये एडिंबरा विद्यापीठात ‘एडिंबरा सेव्हन’ या सात स्त्रियांवर संपादनेथॉन झाला. संपादनेथॉन म्हणजे बरीच माणसं एकत्र जमून ठरलेल्या विषयावरचे लेख सुधारतात अशी कार्यशाळा. या सात जणींनी १८६९ मध्ये तिथं वैद्यकीय शिक्षणासाठी नाव नोंदवलं. ब्रिटिश विद्यापीठात रीतसर प्रवेश मिळवलेल्या या पहिल्या स्त्रिया. नोव्हेंबर १८७० मध्ये त्या परीक्षेला निघाल्या तेव्हा जमावानं त्यांच्यावर चिखलफेक केली, आणि परीक्षा चालू असताना दालनात एक मेंढी सोडली. विद्यापीठानं त्यांना पदवी दिली नाहीच. ती मिळाली मरणोत्तर, जुलै २०१९ मध्ये.

या सात जणींपैकी एक एडिथ पीची. १८८३ च्या अखेरीस ती मुंबईला आली आणि कामा हॉस्पिटलची सूत्रं तिनं हाती घेतली. नवऱ्याकडे नांदायला जायला नकार देऊन ज्यांनी सारा देश ढवळून काढला त्या रखमाबाईंना विलायतेत वैद्यकी शिकायला जाण्यासाठी पाठबळ देणाऱ्यांत पीची होती. रखमाबाई ज्या ‘लंडन स्कूल ऑफ मेडिसिन फॉर विमेन’मध्ये शिकल्या, ती संस्था उभारण्यात पुढाकार होता सोफिया जेक्स-ब्लेकचा, म्हणजे याच सात जणींच्या म्होरकीचा. एडिंबरातल्या कार्यशाळेत कोणी पीचीच्या लेखात एक दुवा जोडला, तर तो गिरगावच्या वाचकाला रखमाबाईंपर्यंत नेऊन सोडतो. कामा हॉस्पिटलच्या जुन्या अहवालातला तपशील मुंबईतल्या कोणी घातला, तर तो एडिंबरातल्या वाचकाला उपयोगी पडतो. या दोघांची कधी भेट होण्याची गरज नसते.

लाल, पिवळं, हिरवं

मराठी विकिपीडियाचा जन्म १ मे २००३ चा, अगदी महाराष्ट्र दिनाचा. नोव्हेंबर २०११ मध्ये भारतातली पहिली विकिपरिषद मुंबई विद्यापीठात भरली. आज मराठी लेखांची संख्या लाखाच्या आसपास आहे. आकडा ऐकून खूश व्हावं, पण त्यातले कित्येक लेख दोन-चार ओळींचे आहेत. गावाचं नाव, तालुका, जिल्हा, संपलं. इंग्रजीत ६० लाखांहून अधिक लेख आहेत आणि त्यांवर जगभरातल्या माणसांचे डोळे आहेत. मराठीत नियमानं येणारे हात मोजके. इंग्रजीत चुकीचं वाक्य काही मिनिटांत उडतं, मराठीत ते वर्षभरही मुक्काम ठोकू शकतं.

मोजक्या हातांनी मोठं काम कसं उरकतं ते पाहायचं तर विकिस्रोत पाहावं. हा भावंड प्रकल्प म्हणजे स्वामित्वहक्क संपलेल्या पुस्तकांचं ग्रंथालय. भारतीय कायद्यानुसार लेखकाच्या मृत्यूनंतर, पुढच्या वर्षाच्या १ जानेवारीपासून ६० वर्षं हक्क राहतो. साने गुरुजी जून १९५० मध्ये गेले, म्हणजे त्यांच्या हयातीत प्रसिद्ध झालेली पुस्तकं १ जानेवारी २०११ ला सगळ्यांची झाली. पण हक्क संपला म्हणजे पुस्तक संगणकावर आलं असं होत नाही. आधी पानांचे फोटो काढायचे, मग यंत्राकडून अक्षरं ओळखून घ्यायची, आणि मग माणसानं बसून यंत्राच्या चुका काढायच्या.

या चुका मोठ्या मजेदार असतात. जुन्या खिळ्यांच्या छपाईत ‘ध’चा ‘घ’ होतो, ‘ब’चा ‘व’ होतो, ‘ख’ फुटून ‘र’ आणि ‘व’ वेगवेगळे दिसू लागतात. कागदावरचा शाईचा ठिपका अनुस्वार होऊन बसतो, आणि खरा अनुस्वार पुसट छपाईत नाहीसा होतो. यात आणखी एक मेख आहे. १९६२ च्या लेखननियमांपूर्वीच्या पुस्तकांत ‘घरीं’, ‘करणें’, ‘त्यांनीं’ असे अनुस्वार सर्रास असतात. शाळेत शुद्धलेखन शिकलेला स्वयंसेवक ते ‘दुरुस्त’ करू पाहतो, तेव्हा जुना कोणीतरी त्याला थांबवतो. जसं छापलंय तसंच ठेवायचं. तुमचं काम मुद्रितशोधकाचं, संपादकाचं नाही.

इथं प्रत्येक पानाला रंग असतो. नुसतं यंत्रानं वाचलेलं पान लाल. एका माणसानं मूळ पानाशी ताडून पाहिलं की पिवळं. दुसऱ्या माणसानं पुन्हा ताडलं की हिरवं. ज्यानं पान पिवळं केलं, त्यालाच ते हिरवं करता येत नाही, सॉफ्टवेअरच तशी मुभा देत नाही. तुम्ही कितीही हुशार, कितीही जुने असा, तुमच्या कामावर दुसऱ्याची नजर पडल्याशिवाय ते पूर्ण धरलं जात नाही. २०० पानांचं पुस्तक हिरवं व्हायला ४०० वेळा कोणीतरी पान उघडून बसावं लागतं. निवृत्त शिक्षक, बँकेतले कारकून, महाविद्यालयातली मुलं, परदेशी राहून मराठीशी नातं टिकवू पाहणारी माणसं, अशा कोणालाही हे काम जमतं. त्यासाठी संगणकाचं ज्ञान फारसं लागत नाही, मराठी वाचता-टाइप करता यावी लागते आणि बैठक लागते.

शेजारच्या गोव्यात दुसराच मार्ग सापडला. गोवा विद्यापीठानं काढलेला कोंकणी विश्वकोश २०१३ मध्ये खुल्या परवान्याखाली मोकळा करण्यात आला. त्यानंतर दोन वर्षांनी गोव्याच्या कोंकणीचा विकिपीडिया स्वतंत्रपणे सुरू झाला. लहान भाषेला असं तयार साहित्य हाती आलं की स्वयंसेवकांची कित्येक वर्षांची पायपीट वाचते.

रुसवे, फसवे, आणि शिस्त

इतकी माणसं, मोबदला नाही, वरिष्ठ नाही, मग भांडणं होणारच. सार्वजनिक विहिरीचं पाणी सगळे नेतात, गाळ काढायला मात्र त्याच चार जणांना उतरावं लागतं, आणि मग ते चार जण बाकीच्यांवर खेकसू लागतात. जुना स्वयंसेवक दिवसभर जाहिरातबाजी, खोडसाळपणा, नक्कल केलेला मजकूर उपसून थकलेला असतो. अशात एखादा नवखा चुकून पान बिघडवतो, आणि त्याच्या वाट्याला स्वागताऐवजी ताकीद येते. तो परत फिरकत नाही. ‘नवख्यांना चावू नका’ असा उपदेश विकिपीडियाच्या नियमांत अगदी या शब्दांत आहे. नियम करावा लागला, यातच सगळं आलं.

तपासणी ढिली पडली तर काय होतं, ते २००५ मध्ये दिसलं. मे महिन्यात कोणीतरी अमेरिकी पत्रकार जॉन सीगेनथॅलर यांच्या चरित्रात घुसडलं की, केनेडी यांच्या हत्येत यांचा हात असल्याचा संशय होता. धादांत खोटं. चार महिने ते तसंच होतं. त्यानंतर इंग्रजी विकिपीडियावर नाव न नोंदवता नवं पान काढण्याची मुभा बंद झाली आणि हयात व्यक्तींच्या चरित्रांचे नियम कडक झाले.

तपासणी अतिरेकी कडक झाली तर काय होतं, ते २०१८ मध्ये दिसलं. ऑक्टोबरमध्ये डॉना स्ट्रिकलंड यांना भौतिकशास्त्राचं नोबेल जाहीर झालं, तेव्हा इंग्रजी विकिपीडियावर त्यांचा लेखच नव्हता. काही महिन्यांपूर्वी कोणीतरी मसुदा दिला होता, पण पुरेसे स्वतंत्र संदर्भ नाहीत म्हणून तो परत पाठवला गेला होता. मसुदा परत करणाऱ्यानं नियम पाळला होता. अडचण अशी की, स्त्री शास्त्रज्ञांवर वर्तमानपत्रं आणि नियतकालिकंच कमी लिहितात, आणि जे बाहेर लिहिलं जात नाही ते इथं येऊ शकत नाही. ‘विमेन इन रेड’ हा स्वयंसेवक गट २०१५ पासून याच कामाला लागलेला आहे. इंग्रजी विकिपीडियावरच्या चरित्रांत स्त्रियांचं प्रमाण तेव्हा १५ टक्क्यांच्या आसपास होतं, आता ते २० टक्क्यांच्या आसपास आलंय. वाढ थोडी वाटते, पण प्रत्येक चरित्रामागं कोणीतरी संदर्भ हुडकत बसलेलं असतं.

पैशाचा मोहही येतो. २०१२ मध्ये विकिमीडिया यूकेच्या एका विश्वस्तानं जिब्राल्टरविषयीच्या, मॉनमथसारख्याच एका प्रकल्पासाठी मोबदला घेऊन सल्लागाराचं काम पत्करल्याचं उघड झालं. स्वयंसेवकांनीच आवाज उठवला. विश्वस्तानं पद सोडलं, आणि संस्थेनं फाउंडेशनच्या साथीनं बाहेरच्या तज्ज्ञांकडून आपल्या कारभाराची तपासणी करवून घेतली.

समुदायानं थोरल्या संस्थेलाही सोडलं नाही. जून २०१९ मध्ये फाउंडेशननं इंग्रजी विकिपीडियाच्या एका प्रचालकावर थेट एक वर्षाची बंदी घातली, कारणं गुप्त ठेवून. तक्रारदारांना संरक्षण हवं हे खरं. पण शिक्षा द्यायचा हक्क तुम्हाला कोणी दिला, असा सवाल उठला आणि वीसेक प्रचालकांनी अधिकार खाली ठेवले. शेवटी प्रकरण समुदायानं निवडलेल्या लवादाकडे आलं आणि लवादानं बंदी उठवली. त्या घुसळणीनंतर, २०२१ मध्ये, सगळ्या प्रकल्पांना लागू होणारी वर्तनाची एक आचारसंहिता जाहीर झाली.

सुरुवात कुठून करावी

यात उतरावंसं वाटलं तर नवा लेख लिहायला घेऊ नये. आधी खातं उघडावं, धूळपाटीवर हात साफ करावा, मग आपल्या माहितीतल्या विषयाच्या पानावर एखादी तारीख, एखादं शुद्धलेखन, एखादा दुवा नीट करावा. स्वतःवर, नातेवाइकांवर, आपल्या संस्थेवर लेख लिहू नये. वर्तमानपत्रातला मजकूर जसाच्या तसा उचलू नये. फोटो टाकायचा तर स्वतः काढलेला टाकावा. बदल उलटवला गेला तर चर्चापानावर कारण विचारावं. उलटवणाऱ्याचं तुमच्याशी वैर नसतं.

मराठीला सर्वांत मोठी चणचण आहे ती संदर्भांची. संदर्भ नाहीत असं नाही, ते इंटरनेटवर नाहीत. तालुक्याच्या गावातल्या जुन्या ग्रंथालयात शाळेच्या शतक महोत्सवाची स्मरणिका असते, बंद पडलेल्या साप्ताहिकाचे बांधीव अंक असतात, स्थानिक इतिहासाची एकच आवृत्ती निघालेली पुस्तकं असतात, दिवाळी अंकांची चळत असते. पुण्या-मुंबईतल्या तरबेज संपादकाला ती कपाटं दिसत नाहीत. त्या गावात राहणारा माणूस मात्र संध्याकाळी जाऊन ग्रंथपालांकडून ती उघडून घेऊ शकतो. पुस्तकाचं नाव, लेखक, प्रकाशक, वर्ष आणि पृष्ठक्रमांक एवढं टिपलं तरी एखाद्या लेखावरची ‘संदर्भ हवा’ ही पाटी उतरते. देणगीच्या पैशातून सर्व्हर चालतात, वकील मिळतात, कार्यशाळा होतात. ही पाटी मात्र संस्थेच्या पैशानं उतरत नाही. त्यासाठी पुस्तक हाती असलेला माणूस लागतो, आणि मराठीत असा माणूस बहुतेक वेळा संगणक जाणणाऱ्या मंडळींच्या यादीत नसतो. तो जिल्ह्याच्या, तालुक्याच्या वाचनालयाचा वर्गणीदार असतो.